मार्टिनी-हेन्री रायफलीचे इतिहास-संशोधन व मूल्यनिर्धारण

मार्टिनी-हेन्री ही ब्रिटिश लष्कराने इ.स. १८७१ मध्ये स्वीकारलेली, मागील बाजूने भरायची, एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल आहे. ब्रिटिश साम्राज्याच्या एकोणिसाव्या शतकातील अनेक युद्धांत ती वापरली गेली. त्यामुळे तिचे नमुने आज भारतीय उपखंड, अफगाणिस्तान, नेपाळ, आफ्रिका, युरोप व अमेरिका या सर्व प्रदेशांत आढळतात. अस्सल नमुन्यांबरोबरच तिच्या स्थानिक प्रतिकृती, परदेशी आवृत्त्या, रूपांतरे आणि निव्वळ नकला यांची संख्याही मोठी आहे. म्हणून पुरातन रायफलीचा इतिहास व मूल्य कसे शोधावे, याचे उदाहरण म्हणून या रायफलीचा अभ्यास उपयुक्त ठरतो.

अशा संशोधनात तीन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात : ही वस्तू नेमकी काय आहे, ती कोणाच्या हातांतून येथवर आली आणि तिचे मोल किती. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वस्तूवरूनच मिळते. दुसऱ्यासाठी कागदपत्रे लागतात आणि तिसरे उत्तर पहिल्या दोहोंवर अवलंबून असते. भारतात याला चौथ्या प्रश्नाची जोड मिळते, तो म्हणजे ती वस्तू जवळ बाळगणे कायदेशीर आहे की नाही.

रचना व विकास

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पायदळाची बंदूक तोंडाकडून भरली जाई. दारू व गोळी नळीत टाकून गजाने ठासावी लागे, म्हणून मराठीत तिला ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात. १८६० च्या दशकात ब्रिटनने जुन्या एनफील्ड रायफलींच्या मागील भागात बिजागरीचे झाकण बसवून त्यांचे स्नायडर-एनफील्ड रायफलींत रूपांतर केले. ही तात्पुरती सोय होती. त्यानंतर सर्वस्वी नव्या आराखड्याची म्हणून जी रायफल निवडली गेली, ती मार्टिनी-हेन्री.

तिच्या जोडनावात दोन व्यक्तींचे कार्य आहे. नळीचा मागील भाग बंद करणारी यंत्रणा फ्रीडरिश फॉन मार्टिनी यांची. ते स्वित्झर्लंडमधील फ्राउएनफेल्ड येथे काम करीत. त्यांच्या यंत्रणेचा पाया अमेरिकेतील बोस्टनचे हेन्री पीबॉडी यांनी १८६२ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत होता. नळीच्या आतील पेचदार खाचांची योजना एडिंबरोचे बंदूक-कारागीर अलेक्झांडर हेन्री यांची होती. नळीत सात खाचा असून त्या सुमारे ५६ सेंमी. (२२ इंच) अंतरात एक पूर्ण वळसा घेतात.

चापामागे असलेली तरफ खाली ओढली की मागे बिजागरीवर टेकलेल्या पोलादी ठोकळ्याचे पुढचे टोक खाली जाते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि काडतूसकक्ष उघडा पडतो. नवे काडतूस सरकवून तरफ वर घेतली की ठोकळा जागी बसतो. ठोकळ्याच्या आतील स्प्रिंगवर चालणारी टोचणीही त्याच हालचालीत सज्ज होते. त्यामुळे बाहेर दिसणारा घोडा या रायफलीस नसतो. यंत्रणा सज्ज आहे की नाही, हे उजव्या बाजूच्या अश्रूच्या आकाराच्या लहान दर्शकावरून कळते. घोड्याचा अभाव, खालची लांब तरफ आणि चौकोनी पोलादी पेटी या तीन खुणांवरून हा प्रकार दुरूनही ओळखता येतो. नळी व कुंदा यांना जोडणाऱ्या या पेटीस ‘रिसीव्हर’ म्हणतात.

पायदळाच्या रायफलीची एकूण लांबी सुमारे १२४ सेंमी., नळीची लांबी सुमारे ८४ सेंमी. आणि वजन सुमारे ४ किग्रॅ. असते. नळीचा नाममात्र व्यास ०.४५० इंच (११.४३ मिमी.) आहे. काडतूस बाटलीच्या आकाराचे असून त्याचे तळाकडील माप स्नायडरच्या ०.५७७ इंची काडतुसावरून घेतलेले आहे. म्हणून त्यास ०.५७७/४५० असे दुहेरी नाव पडले. रायफलीच्या काडतुसात सुमारे ३१ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी आणि सुमारे ५.५ ग्रॅम काळी दारू असे.

प्रकार

हातातील नमुना कोणत्या प्रकारचा आहे, हे ठरवणे संशोधनाची पहिली पायरी होय. ब्रिटिश सैन्याने या रायफलीच्या क्रमिक आवृत्त्यांना ‘मार्क’ अशी संज्ञा दिली.

मार्क १ – १८७१ मध्ये मान्य. प्रत्यक्ष वाटप १८७४ पासून सुरू झाले. मूळ स्वरूपात टिकलेले नमुने फार थोडे आहेत, कारण बहुतेकांचे पुढे मार्क २ मध्ये रूपांतर झाले. अशा रूपांतरित रायफलींवर रोमन अंक एकशेजारी दुसरा दांडा नंतर ठोकलेला दिसतो.

मार्क २ – १८७७ मध्ये मान्य. १८७९ च्या झुलू युद्धात ब्रिटिश पायदळाच्या हाती असलेल्या रायफली याच पिढीच्या होत.

मार्क ३ – १८७९ मध्ये मान्य. नळीखालील लाकडी भागाच्या जोडणीत सुधारणा झाली.

मार्क ४ – १८८८ मधील आवृत्ती. ०.४०२ इंच व्यासाच्या एनफील्ड-मार्टिनी या नव्या रायफलीचा प्रयोग अर्धवट सोडावा लागल्यावर तयार भागांतून ही आवृत्ती घडवली गेली. हिची तरफ आधीच्या तिन्ही आवृत्त्यांहून ठळकपणे लांब आहे.

याखेरीज घोडदळासाठी व तोफखान्यासाठी आखूड नळीच्या कार्बाइन बनवल्या गेल्या. त्यांचे काडतूस सौम्य असे. १८८९ नंतर अनेक मार्टिनी रायफलींना ०.३०३ इंच (७.७ मिमी.) व्यासाची नळी बसवण्यात आली. त्या मार्टिनी-एनफील्ड म्हणून ओळखल्या जातात. नळीचे तोंड मोजले तरी हा फरक तत्काळ कळतो.

लांब तरफेमागे एक कारण आहे. आरंभीचे काडतूस पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून बनवलेले होते. उष्ण व धुळकट हवेत, सलग गोळीबाराने नळी तापली की ते कक्षात चिकटून बसे. सुदानमधील १८८४-८५ च्या मोहिमेत, विशेषतः १७ जानेवारी १८८५ च्या अबू क्लेआच्या लढाईत, रायफली अडकल्याच्या तक्रारी झाल्या आणि ब्रिटनमध्ये त्यावर मोठी टीका झाली. पुढे सलग ओढून घडवलेली पितळी काडतुसे रूढ झाली. लांब तरफेमुळे अडकलेले काडतूस काढण्यास अधिक जोर मिळू लागला.

भारतीय उपखंडातील वापर

१८५७ च्या उठावानंतर भारतीय शिपायांच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागची शस्त्रे ठेवायची, असे धोरण ब्रिटिश सत्तेने अवलंबिले. उठावानंतर लगेच देशी पलटणींना आतून सपाट नळीच्या बंदुका देण्यात आल्या. बाहेरून त्या एनफील्ड रायफलीसारख्याच दिसत, परंतु पेचदार खाचा नसल्याने त्यांचा नेम दूरवर लागत नसे. पुढे गोऱ्या सैन्याकडे मार्टिनी-हेन्री आली, तेव्हा देशी सैन्याकडे स्नायडर होती. गोऱ्या सैन्यास ली-मेटफर्ड ही मॅगझिन रायफल मिळाल्यावर मार्टिनी-हेन्री सर्वसाधारणपणे देशी पलटणींच्या वाट्याला आली.

या विषमतेचे ठळक उदाहरण म्हणजे २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात झालेली मैवंदची लढाई. ब्रिगेडियर जॉर्ज बरोज यांच्या तुकडीत ६६ वी ब्रिटिश पलटण मार्टिनी-हेन्रीने सज्ज होती. मुंबई लष्कराच्या दोन पलटणी, पहिली ग्रेनेडियर्स व तिसावी जेकब्स रायफल्स, स्नायडर घेऊन उभ्या होत्या. अयूब खानाच्या सैन्याने या तुकडीचा पराभव केला. ब्रिटिश बाजूचे ९०० हून अधिक सैनिक मारले गेले आणि त्यांची शस्त्रे विजेत्यांच्या हाती पडली.

संशोधनाच्या दृष्टीने या इतिहासाचा उपयोग असा की, एखादी मार्टिनी-हेन्री १८८० पूर्वी देशी पलटणीतील शिपायाकडे होती, असा दावा केला जात असेल तर त्यास विशेष पुराव्याची गरज आहे. याउलट १८९० च्या दशकातील असा दावा इतिहासाशी जुळणारा आहे.

तपासणीपूर्वीची सुरक्षितता

जुनी बंदूक भरलेलीच आहे, असे गृहीत धरून तपासणीस आरंभ करावा. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. नळीचे तोंड मोकळ्या, निर्मनुष्य दिशेला ठेवावे, बोट चापापासून दूर असावे आणि तरफ सावकाश खाली घेऊन कक्ष रिकामा असल्याची खात्री करावी. तरफ हलत नसेल तर हातोडी, पाना वा उष्णता यांचा वापर करू नये. जाणकार बंदूक-कारागिराकडे काम सोपवावे. काडतूस सापडल्यास ते उघडण्याचा प्रयत्न न करता पोलिसांना कळवावे. रायफल उडवून पाहणे हा तपासणीचा भाग नव्हे. धातूचा थकवा, आतील गंज आणि चुकीचे काडतूस यांपैकी कोणत्याही कारणाने नळी वा ठोकळा फुटू शकतो.

शिक्क्यांचे वाचन

अस्सल ब्रिटिश लष्करी नमुन्यावरील मुख्य शिक्का रिसीव्हरच्या उजव्या बाजूस असतो. तो वरून खाली वाचावा.

राजमुकुट व आद्याक्षरे – मुकुटाखाली ‘व्ही. आर.’ ही रोमन अक्षरे ‘व्हिक्टोरिया रेजिना’, म्हणजे राणी व्हिक्टोरिया, यांची आहेत.

निर्मात्याचे नाव – लंडनजवळील एनफील्डच्या शाही कारखान्याचे नाव सर्वाधिक आढळते. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स अँड मेटल कंपनी, लंडन स्मॉल आर्म्स कंपनी, नॅशनल आर्म्स अँड अ‍ॅम्युनिशन कंपनी आणि हेन्री रायफल्ड बॅरल कंपनी यांची नावे किंवा आद्याक्षरेही दिसतात.

वर्ष – हे रिसीव्हर घडवल्याचे वर्ष होय. नळी, कुंदा वा अन्य भाग नंतरचे असू शकतात. रूपांतर झाले असल्यास त्याची नोंद बहुधा डाव्या बाजूस वेगळ्या वर्षासह केलेली असते.

बाणाचा शिक्का – तीन रेघांचा रुंद बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण आहे. बाणासोबत ‘आय’ हे रोमन अक्षर असल्यास ती वस्तू भारत सरकारच्या लष्करी साठ्यात होती, असे समजतात. दोन बाणांची टोके एकमेकांस भिडलेली असतील तर ती सरकारी सेवेतून अधिकृतपणे विकली गेली होती. शोधणाऱ्याच्या दृष्टीने ही खूण महत्त्वाची आहे, कारण मालकी बदलाचा तो वस्तूवरच कोरलेला पुरावा असतो.

मार्कचा अंक – रोमन अंकांत असतो.

मुकुट व ‘व्ही. आर.’ नसलेला, केवळ कंपनीचे नाव व बर्मिंगहॅम किंवा लंडन येथील चाचणीगृहाचे शिक्के असलेला नमुना बहुधा खाजगी व्यापारासाठी बनवलेला असतो. तो नकली ठरत नाही, परंतु लष्करी सेवेचा दावा त्यास लागू होत नाही. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. नळी ठरावीक दाब सोसते की नाही, हे तेथे पाहून शिक्का मारला जाई.

कुंद्याच्या तळाशी असलेल्या धातूच्या पट्टीवर काही वेळा पलटणीची संक्षिप्त खूण व शस्त्राचा क्रमांक कोरलेला आढळतो. लाकडावरील गोल शिक्का कारखान्याचा असतो. प्रत्येक खुणेचे तिरप्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा उतरवावा आणि जे दिसते तेच लिहावे. अस्पष्ट अक्षर अंदाजाने पूर्ण केले की पुढील सारी साखळी चुकते.

परदेशी आवृत्त्या

ऑटोमन तुर्कस्तानने अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्स टूल कंपनीकडे ६,००,००० पीबॉडी-मार्टिनी रायफलींची मागणी नोंदवली होती. १८७७ मधील प्लेव्हनाच्या वेढ्यात त्या रशियाविरुद्ध वापरल्या गेल्या. त्यांवर अरबी लिपीतील अंक व सुलतानाची ‘तुघरा’ ही वळणदार राजमुद्रा असते. दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल प्रजासत्ताकाने १८९० च्या दशकात वेस्टली रिचर्ड्स कंपनीकडून खास रायफली बनवून घेतल्या आणि त्यांवर तसा उल्लेख कोरलेला आहे. बेल्जियममधील लिएज येथील फ्रँकोट कंपनीने यंत्रणेत सुधारणा केली. तिच्या रायफलींत आतील भाग काढणे व बसवणे सोपे असते.

नेपाळमधील नमुने देवनागरी वाचकास विशेष सुगम आहेत, कारण त्यांवरील अक्षरे व अंक देवनागरीत असतात. जनरल गेहेंद्र शमशेर जंगबहादूर राणा यांनी वेस्टली रिचर्ड्सच्या सुधारित मार्टिनीवरून नेपाळमध्येच रायफल घडवली. ती ‘गेहेंद्र’ रायफल म्हणून प्रसिद्ध आहे. बाहेरून मार्टिनी-हेन्रीसारखी दिसत असली तरी तिची आतली रचना भिन्न आहे. नेपाळी वर्ष विक्रम संवतात असल्यास त्यातून साधारणतः ५७ वजा केल्यावर इसवी सन मिळतो. अफगाणिस्तानातील काबूलच्या सरकारी कारखान्यानेही मार्टिनी रायफली बनवल्या. त्यांवर हिजरी सन असतो.

काठमांडूच्या लगन सिलेखाना या जुन्या राजवाड्यातील शस्त्रसाठा २००३ मध्ये दोन अमेरिकी व्यापारी संस्थांनी विकत घेतला. त्यात आखूड व लांब तरफेच्या मार्टिनी-हेन्री, फ्रँकोट पद्धतीच्या व गेहेंद्र रायफली यांसह हजारो शस्त्रे होती. अनेक दशके घट्ट झालेल्या वंगणात ती पडून होती. या खरेदीमुळे जे नमुने दुर्मीळ समजले जात ते एकाएकी बाजारात उपलब्ध झाले. म्हणून २००३ पूर्वीच्या किमतींचा आधार आज जसाच्या तसा घेता येत नाही.

नकली व खैबर प्रतिकृती

पेशावर व कोहाट यांच्यामधील दर्रा आदमखेल आणि खैबर खिंडीचा परिसर येथील कारागीर हाताच्या अवजारांनी ब्रिटिश रायफलींच्या प्रतिकृती बनवीत आले आहेत. त्यांनी रायफलीबरोबर शिक्क्यांचीही नक्कल केली. रोमन लिपीची ओळख नसल्याने शिक्क्यांत चुका राहिल्या आणि त्याच आज ओळखीच्या खुणा ठरतात.

• ‘एनफील्ड’ या नावातील ‘एन’ हे रोमन अक्षर उलटे कोरलेले असणे किंवा अक्षर गळणे.

• ‘व्ही. आर.’ या आद्याक्षरांसोबत १९०१ नंतरचे वर्ष असणे. राणी व्हिक्टोरियाचा मृत्यू २२ जानेवारी १९०१ रोजी झाला. त्यानंतरच्या वर्षाशी तिची आद्याक्षरे जुळत नाहीत.

• एका ठोकेशी शिक्क्याऐवजी टाकीच्या लहान लहान घावांनी रेखाटलेली अक्षरे.

• मार्कचा अंक, वर्ष व तरफेची लांबी यांत विसंगती; उदाहरणार्थ, १८७० च्या दशकातील वर्ष आणि लांब तरफ.

• मऊ लोखंड, ओबडधोबड स्क्रू आणि नळीतील असमान खाचा.

एकविसाव्या शतकात अफगाणिस्तानात गेलेल्या परदेशी सैनिकांनी अशा अनेक रायफली स्मृतिचिन्हे म्हणून खरेदी केल्या. सरहद्दीवरील हस्तकलेचा नमुना म्हणून खैबर प्रतिकृतीला स्वतःचे ऐतिहासिक मूल्य आहे. ती अस्सल ब्रिटिश रायफल म्हणून विकली जाते तेव्हा मात्र फसवणूक होते. ती उडवणे तर सर्वथा धोक्याचे आहे.

दुसऱ्या प्रकारची फसवणूक अधिक सूक्ष्म असते. रायफल खरी असते, पण तिच्यावर नंतर पलटणीची खूण कोरली जाते. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडल्वाना येथे झुलू सैन्याने ब्रिटिश तळाचा नाश केला आणि त्याच रात्री रोर्क्स ड्रिफ्टच्या लहान ठाण्याने तग धरला. रोर्क्स ड्रिफ्टच्या बचावासाठी ११ व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आले आणि १९६४ च्या ‘झुलू’ या चित्रपटाने ही घटना जगभर पोहोचवली. परिणामी २४ व्या पलटणीची खूण असलेल्या रायफलीस संग्राहक मोठी किंमत देतात आणि तशी खूण बनवण्याचा मोहही वाढतो. खुणेच्या खाचांच्या तळाशी भोवतालच्या पृष्ठभागाइतकाच जुना थर आहे की तेथे उजळ धातू दिसतो, हे भिंगातून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

कागदपत्रांतील शोध

वस्तूचे वाचन पूर्ण झाल्यावर अभिलेखांकडे वळावे. ब्रिटिश लष्करी साहित्यातील बदलांच्या अधिकृत यादीत प्रत्येक मार्क कधी मान्य झाला आणि त्यात कोणता फेरफार झाला, याची नोंद आहे. हातातील नमुन्याची वैशिष्ट्ये या यादीशी ताडून पाहता येतात. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात युद्ध कार्यालयाची कागदपत्रे, तर ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे दप्तर आहे. लीड्स येथील रॉयल आर्मरीजचा संग्रह तुलनेसाठी उपयोगी पडतो. भारतात नवी दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि मुंबईचे महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार येथे लष्करी व संस्थानविषयक पत्रव्यवहार पाहता येतो.

रायफलीवरील क्रमांकावरून ती वापरणाऱ्या सैनिकाचे नाव मिळेल, ही अपेक्षा मात्र क्वचितच पूर्ण होते. शस्त्र पलटणीच्या मालकीचे असे. तो सैनिक निवृत्त झाला वा मेला, तरी शस्त्र दुसऱ्याच्या हाती जाई. पलटणीची खूण निश्चित झाली तर ती पलटण कोणत्या काळी कोठे होती, हे शोधता येते. एवढ्यावरून ‘ही रायफल त्या मोहिमेत असणे शक्य आहे’ असे म्हणता येते, ‘होती’ असे नव्हे. शक्यता व सिद्धता यांतील हे अंतर वर्णनात स्पष्ट राखणे हे संशोधकाचे मुख्य कर्तव्य होय.

कौटुंबिक परंपरेची पारख

महाराष्ट्रातील अनेक जुन्या वाड्यांत खंडेनवमीला शस्त्रपूजन होते आणि तेथील शस्त्रांभोवती कथा असतात. जुनी बंदूक ‘सत्तावनच्या बंडातील’ असल्याची समजूत त्यांत वारंवार आढळते. बंदुकीस खाली तरफ असेल आणि ती मार्टिनी पद्धतीची असेल, तर हा दावा टिकत नाही, कारण ती रायफल १८७१ पूर्वी सैन्यात नव्हती. १८५७ मधील वादग्रस्त काडतुसांची एनफील्ड रायफल ठासणीची होती. तिचा व्यास ०.५७७ इंच, खाचा तीन आणि बाहेर ठळक घोडा होता.

याचा अर्थ कौटुंबिक स्मृती टाकाऊ असते असा नाही. कोणाकडून, कोणत्या निमित्ताने वस्तू घरात आली, ही आठवण बहुधा खरी असते. तिला जोडले जाणारे प्रसिद्ध प्रसंग व नावे नंतरची असतात. म्हणून वृद्धांचे कथन तारखेसह, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे आणि जुने परवाने, पावत्या, वाटणीपत्रे, छायाचित्रे यांच्याशी ताडून पाहावे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना शस्त्र बाळगण्यासाठी परवाना आवश्यक केला होता. त्या काळचा परवाना घरात सापडल्यास तो पूर्वेतिहासाचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. असा कागद बंदुकीपासून वेगळा होऊ देऊ नये.

मूल्यनिर्धारण

पुरातन रायफलीचे मूल्य पुढील घटकांवर ठरते.

अस्सलपणा – नमुना ज्या प्रकारचा म्हणून सांगितला जातो, त्याच प्रकारचा आहे का.

मूळ भागांची एकात्मता – नळी, रिसीव्हर, ठोकळा, कुंदा, नेमदर्शक व साफसफाईचा गज एकाच काळातील आहेत का. बदललेला एखादा भाग मूल्य घटवतो; परंतु सेवाकाळातील अधिकृत दुरुस्ती हा इतिहासाचाच भाग मानला जातो.

अवस्था – धातूवरील मूळ रंगछटा, शिक्क्यांची स्पष्टता, नळीच्या आतील स्थिती, लाकडाच्या कडा. अमेरिकेतील नॅशनल रायफल असोसिएशनने पुरातन शस्त्रांच्या अवस्थेसाठी उत्कृष्टपासून निकृष्टापर्यंत श्रेणी ठरवल्या आहेत आणि विक्रीच्या वर्णनांत त्या सर्रास वापरल्या जातात.

दुर्मीळता – बदल न झालेली मार्क १ ही विपुल मार्क ४ पेक्षा अधिक मोलाची ठरते.

पूर्वेतिहास – कागदोपत्री सिद्ध झालेली मालकीची अखंड साखळी. तोंडी कथेला बाजारात स्वतंत्र किंमत नसते.

जोडसाहित्य – १८७६ च्या नमुन्याची संगीन, चामडी पट्टा, काडतुसांची पेटी. संगीन त्याच रायफलीच्या तोंडावर नीट बसते का, हे पाहावे.

किंमत शोधताना विक्रेत्याने मागितलेली किंमत व प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांत फरक करावा. लिलावगृहांच्या प्रसिद्ध निकालांत बोलीची अंतिम रक्कम असते आणि खरेदीदारास तिच्यावर आकार भरावा लागतो. विक्रेत्याच्या हाती मात्र दलाली वजा जाता उरलेली रक्कम पडते. तुलनेसाठी त्याच मार्कचे, जवळपास त्याच अवस्थेतील अनेक नमुने घ्यावेत. विम्यासाठी, वाटणीसाठी व विक्रीसाठी काढलेली मूल्ये वेगवेगळी असतात. विकत घेऊ इच्छिणाऱ्याकडूनच मूल्य ठरवून घेणे हितावह नसते. परदेशांतील बाजारभाव रुपयांत रूपांतरित करून भारतातील नमुन्यास लावणेही चुकीचे आहे, कारण कायदेशीर निर्यात व मुक्त खरेदी-विक्री यांचा मार्ग येथे मोकळा नाही.

जतन

चांगल्या हेतूने केलेली सफाई ही पुरातन शस्त्राच्या नाशाची मोठी वाट आहे. पॉलिश कागद, तारेचा ब्रश वा आम्ल वापरून गंज काढला की त्याबरोबर शिक्क्यांच्या कडा व मूळ पृष्ठभाग निघून जातात आणि ते पुन्हा मिळत नाहीत. लाकूड घासून वार्निश दिल्यास कारखान्याचे गोल शिक्के पुसले जातात. धातूवर स्वच्छ कापडाने सौम्य तेलाचा पातळ हात द्यावा, लाकूड कोरड्या मऊ कापडाने पुसावे आणि वस्तू कोरड्या, हवेशीर जागी ठेवावी. चामड्याच्या म्यानात वा गुंडाळीत दीर्घकाळ ठेवल्यास ओल धरून गंज वाढतो. कोकणासारख्या दमट हवेत हे विशेष लक्षात ठेवावे. पूजेतील ओले हळद-कुंकू व पाणी त्याच दिवशी पुसून काढावे. उघड्या हाताच्या घामानेही डाग पडतात, म्हणून हाताळताना हातमोजे घालावेत.

कायदेशीर बाजू

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना लागतो. या अधिनियमाचे कलम ४५ (क) (इंग्रजी संहितेतील उपखंड ‘सी’) कालबाह्य पद्धतीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट देते. ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करताही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, अशी अट तेथे आहे. केवळ जुनेपणामुळे सूट आपोआप लागू होते, असे समजणे धोक्याचे आहे. सुस्थितीतील मार्टिनी-हेन्री चालू शकते. म्हणून मालकाने जिल्हा दंडाधिकारी वा पोलीस आयुक्तालय असल्यास पोलीस आयुक्त यांच्याकडे लेखी विचारणा करून निर्णय घ्यावा. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या परवानाधारी अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. वारशाने आलेली शस्त्रेही या मर्यादेत मोजली जातात.

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ अन्वये किमान १०० वर्षे जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते. तिची खाजगी व्यक्तीने निर्यात करण्यास बंदी असून व्यापारासाठी परवाना लागतो. जमिनीत वा भिंतीत दडवलेली वस्तू सापडल्यास १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाचा संबंध येतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

अमेरिकेत १८९८ किंवा त्यापूर्वी बनवलेले अग्निशस्त्र संघराज्यीय कायद्यानुसार पुरातन मानतात. त्यामुळे तेथे निर्मितीवर्ष सिद्ध करणे हा इतिहासाबरोबर कायद्याचाही प्रश्न होतो आणि खोटे वर्ष कोरलेली खैबर प्रतिकृती अडचणीची ठरते. ब्रिटनमध्ये ०.५७७/४५० हे काडतूस कालबाह्य मापांच्या यादीत आहे. अशी रायफल केवळ संग्रहासाठी वा शोभेसाठी ठेवल्यास तेथे परवान्यातून सूट मिळते; ती उडवण्याचा हेतू असल्यास सूट संपते.